तलावाची पाळ कुठवर

काल्याच्या सकाळी मांडवात पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावावा लागला. देवाच्या दारात नाकाला पदर! बुक्का, मोगरा, उदबत्ती या वासांना मी लहानपणापासून इतकी भुललेली बाई, की लांबून मृदंगावर थाप पडलेली ऐकली तरी तो वास आपोआप नाकात भरतो. त्या दिवशी भरला तो कोंबडीच्या पिसांचा, सडक्या भाजीचा, आणि त्यावर फवारलेल्या कसल्याशा अत्तराचा. अत्तरानं घाण जात नाही. घाण फक्त नटते.

यंदा मांडव देवळासमोर नव्हता, तलावाच्या पोटात होता.

आमच्या सायखेडीचा जुना तलाव एका बाजूनं मातीच्या बांधानं अडवलेला आहे, बाकीच्या बाजूंनी मोकळा. पावसाळ्यात पाणी मोकळ्या बाजूंनी पसरतं, उन्हाळ्यात मागं सरकतं. सरकलं की खालची जी मऊ काळी जमीन उघडी पडते, तिला आम्ही पोट म्हणतो. हिवाळ्यात तिथं कुठून कुठून पक्षी उतरतात. म्हणूनच सरकारनं हा तलाव पाणथळ म्हणून राखून ठेवलाय. फाट्यावर तशी पाटीसुद्धा आहे, तिच्यावर आता अक्षयच्या लेआउटचं पोस्टर चिकटवलेलं आहे.

अक्षय माझ्या चुलतदिराचा मुलगा. मला मोठाई म्हणतो, माझ्या मालकांना, भगवानरावांना, मोठेबाबा. दिग्रसला त्याचा प्लॉटचा धंदा. तलावाकाठची बुडीत शेतं त्यानं विकत घेतली आणि भर घालायला सुरुवात केली. दिग्रसहून टिप्पर यायचे. वरून दिसायचा पाडलेल्या घरांचा मलबा. खाली काय असायचं ते कुत्र्यांना आणि आम्हाला ठाऊक. हॉटेलातलं उष्टं, कोंबडीच्या दुकानांतली पिसं आणि आतडी, लहान मुलांचे वापरून फेकलेले लंगोट. सगळ्यावर मुरमाचा एक पातळ थर, पुरीवर साखर भुरभुरावी तसा. मांडवाचे बांबू रोवायला पोरांनी खड्डे खणले, तर हातभर खाली काळं पाणी लागलं. एका पोराला तिथंच ओकारी झाली. त्या खड्ड्यांवर सतरंज्या अंथरल्या आणि सतरंज्यांवर देव बसवला.

फाटकावर मोठा फलक लागला होता, ‘राजहंस लेक व्ह्यू’. माझी नणंद तानाबाई, तिला आम्ही आक्का म्हणतो, एकेक अक्षर लावत वाचायला लागली.

“लेक... वू... कोणाची लेक वं? अन् तिनं पाह्याचं काय, हा उकिरडा?”

“आत्या, लेक म्हंजे तलाव,” अक्षय हसत म्हणाला. “इंग्लिश हाय थे.”

“मंग तलाव लिव्ह ना लेका. तलाव बुजवून त्याले लेक म्हनतं. उद्या मले बुजवशीन अन् आत्यानगर म्हनशीन.”

सगळे हसले. अक्षयही हसला. पण आक्काचं बोलणं चेष्टेचं नव्हतं. नाला तलावाला मिळतो त्या तोंडाशी तिचं घर आहे. नवऱ्यामागं तीस वर्षं ती तिथं एकटी राहते, मागं दोन एकर तूर-पऱ्हाटी. कितीही पाऊस झाला तरी पाणी तिच्या अंगणाच्या पायरीशी यायचं आणि परत फिरायचं. मागच्या पावसाळ्यात पोटात भर पडलेली, पाण्याला पसरायला जागा कुठं? ते पायरी चढलं. मी धावत गेले तेव्हा आक्का देवघरातल्या मूर्ती पोटाशी धरून बाजेवर उभी होती, आणि तिच्या चुलीच्या तोंडात लंगोट अडकलेले होते. भाताच्या भांड्यात पिसं. ज्या चुलीवर तिनं आयुष्यभर एकादशीची भगर शिजवली त्या चुलीत! मी ते हातानं काढलं. आठ दिवस मला जेवण गेलं नाही.

आता अक्षयला लेआउटभोवती आणि नाल्याच्या तोंडावर भिंत घालायची होती. ती झाली की आक्काचं घर दर पावसाळ्यात बुडणार. “पडू दे घर, मी प्लॉट देतो ना आत्याले,” असं तो चारचौघांत म्हणायचा. आक्का म्हणायची, “मले प्लॉट नोको. मले कोरडी चूल पाह्यजे.”

भिंतीला आणि घरांना परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला तालुक्याहून अनघा मॅडम येणार होत्या. जागा पाहायची, गावाच्या ठरावाशी ताडायची आणि तसं वर कळवायचं, असं त्यांचं काम. ठराव आमच्या बाजूचा होता. तलाव राखीव झाला तेव्हा ग्रामसभेत आम्ही सगळ्यांनीच हात वर केले होते. तलावाच्या पाळीपासून पाचशे फुटांच्या आत कोणी घर बांधू नये. त्यामुळे मी निश्चिंत होते. मॅडम नेमक्या काल्याच्या दिवशी येणार, हे अक्षयनं कसं जुळवलं, ते देव जाणे.

काल्यानं संपणारा सप्ताहही यंदा त्याच्याकडूनच. मांडव, आचारी, पुऱ्या, जिलबी, सगळं. गाव खूश. एरवी काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या वामनमहाराजांचा उतारा आमच्या घरी असायचा. आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर त्यांना अशी आवडायची की “माई, वैकुंठात हे मिळत असेल तरच मी जाईन,” म्हणायचे. यंदा त्यांचा उतारा दिग्रसच्या लॉजमध्ये, थंड हवेच्या खोलीत. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, म्हातारा जीव आहे, ऊन सोसत नसेल.

मॅडम आल्या तेव्हा कीर्तनाला अवकाश होता. तरुण बाई, साधी सुती साडी, बोलणं सरळ. बरोबर टेप धरायला एक माणूस.

“चला मॅडम, पाळ दाखवतो,” अक्षय म्हणाला आणि त्यांना गाडीत बसवून बांधाकडं घेऊन गेला. आम्ही मागून पायी. आक्का, मी, सरपंच, टाळकऱ्यांतले गुणवंतराव, आणि गावातले आणखी सात-आठ जण. भगवानरावांना येता आलं नाही. ते आमच्या गावचे विणेकरी. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हातातून हातात जाते, आणि पुढचा पहारेकरी अजून आला नव्हता.

बांधावर पोचलो तेव्हा अक्षय त्या मातीवर पाय आपटत होता.

“हे पाळ. अन् माहा लेआउट थो पाहा, पल्याड. पाचशे फूट कायले मोजता मॅडम, मधात सारा तलाव हाय!”

खरंच होतं. बांध एका टोकाला, लेआउट दुसऱ्या टोकाला. मला पहिल्यांदा कळेचना तो काय बोलतोय. मग कळलं. आमच्या तोंडी पाळ म्हणजे अख्खा काठ. गुरं पाळीवर नेली, पोरं पाळीवर खेळतात, पाळीवरची चिंच, म्हणजे तलावाभोवती कुठंही. आम्ही बोललो तसं लिहिलं गेलं. पण कागदावर पाळ म्हणजे बांध, तेवढाच. अक्षय याच गावचा, आमच्याच मांडीवर वाढलेला. बाहेरच्याला हा डाव सुचलाच नसता.

“मधात पाणी हाय म्हनून तं थो तलाव हाय ना रे!” आक्का ओरडली. “मॅडम, हे बी पाळ, थे बी पाळ, माह्या दाराम्होरं बी पाळच.”

“आत्यासाठी सारं जगच पाळ हाय,” अक्षय म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. “आजी, शब्द तुमच्या गावाचाच आहे. पण मी त्याचा अर्थ मनानं कसा लावू? गावातल्या दोन-चार जणांनी सांगावं, इथं पाळ कशाला म्हणतात.”

“अवो मॅडम, मी सांगते...” मी पुढं झाले.

“मोठाई म्हंजे आत्याची भावजय,” अक्षय मध्येच म्हणाला. “घरचाच मामला.”

“नात्यातलं नको,” मॅडम म्हणाल्या. “दुसरं कोणी?”

सरपंचानं चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला. खडा नव्हताच. गुणवंतरावांकडं मी पाहिलं. आमच्या भजनातला सगळ्यांत खणखणीत आवाज. भक्त माणूस, गळ्यात माळ. वाऱ्यावर पुऱ्यांचा वास येत होता, त्या दिशेला त्यांनी मान वळवली.

“पाळ म्हंजे... आता पाळ म्हंजे पाळच ना.”

“कोणती?”

“हे... हेच म्हना ना.”

“नक्की?”

“मोठी तं हेच दिसते,” गुणवंतराव म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं नाही, सगळ्यांनी. याच लोकांनी मागच्या पावसात आक्काच्या घरातून गाळ उपसला होता. नाकाला फडकं बांधून अक्षयला शिव्या दिल्या होत्या.

मॅडमनी टिपून घेतलं. आक्का बांधावरच खाली बसली. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, “राहू दे. इथं बसते. हेच एक पाळ राह्यली ना आता.”

निघता निघता अक्षयनं मॅडमना हात जोडले. “काल्याचं कीर्तन ऐकून जा. दुपारी निवांत लिव्हा.” त्या थांबल्या.

वामनमहाराज पांढऱ्या गाडीतून उतरले. त्यांना पाहिलं आणि सकाळपासूनचं सगळं मी क्षणभर विसरले. खोटं कशाला बोलू? मी या माणसाच्या कीर्तनाची वर्षभर वाट पाहते. त्यांचा पहिला सूर लागला की माझ्या अंगातला शीण उतरतो. त्यांचं ऐकून मी सासूशी भांडण मिटवलं, त्यांचं ऐकून दारच्या भिकाऱ्याला ताट वाढायला शिकले. कीर्तनकाराच्या जागेला नारदाची गादी म्हणतात. तिथं उभा राहणाऱ्याचे पाय आधी आपण धरायचे, मग त्यानं बोलायचं. मी धरले.

महाराजांनी काला मांडला. कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या. कुणाची भाकर, कुणाच्या कण्या, कुणाचं लोणचं. कालवलं, आणि तुझं-माझं गेलं. किती गोड सांगत होते! माझे डोळे भरून आले. आणि मग त्यांनी उजवा हात वर केला.

“काला म्हणजे काय? भेद संपणं! पाणी कुठं संपलं, भूमी कुठं लागली, असं विचारत बसतो तो अज्ञानी. टेप घेऊन देवाचं जग मोजता येत नाही! ज्याला काला कळला, त्याला काठ नाही!” हात अक्षयकडं वळला. “अशा अभेदबुद्धीनं ज्यानं ही भूमी भक्तांना खुली केली, त्या अक्षयशेठांच्या हातून देव मोठी सेवा घेणार आहे!”

टाळ्या पडल्या. माझे भरून आलेले डोळे तसेच राहिले, पाणी बाहेरही पडेना, आतही जाईना. अद्वैत सांगून उकिरडा विकत होता हा माणूस! गादीवर उभा राहून! महाराजांनी चरण टाकलं आणि टाळकऱ्यांनी ते झेललं, गुणवंतरावांचा आवाज सगळ्यांच्या वर. मांडवाचं कापड थरथरलं. किती सुरेल, आणि किती घाण.

आक्का केव्हा तरी येऊन माझ्या शेजारी बसली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाली, “काठ नाई म्हनते वं हा. मंग माह्या चुलीतलं पानी काहून थांबत नोतं, आता कयलं. त्याले बी काला कयला आसंन.”

ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी समोर पाहिलं. मांडवभर टाळ वाजत होते, आणि भगवानरावांचं बोट वीणेच्या तारेवर थांबलं होतं. माझा नवरा अबोल माणूस. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. बोट थांबलेलं मी पाहिलं आणि मला वाटलं, झालं, यांचा राग एवढाच.

आमच्याकडं काल्याचं कीर्तन आधी, मग दिंडी, मग दहीहंडी. अक्षयनं माइक घेतला. “दिंडी यंदा आपल्या लेआउटच्या नव्या रोडनं जाईन. माउलींनी शिस्तीत चालावं. वरतून ड्रोन हाय.” डांबरी रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या, कडेला रांगोळी. टाळकरी रांगा धरून उभे राहिले. आमच्या गावात वीणा सगळ्यांच्या पुढं असते. भगवानराव फाटकाबाहेर आले. डावीकडं डांबरी रस्ता. उजवीकडं बेशरमाच्या झुडपांतून जाणारी मळकी पायवाट.

ते उजवीकडं वळले.

“मोठेबाबा! इकडून, इकडून!” अक्षय धावला.

“पाळफेरी हाय बापू आज,” भगवानराव न थांबता म्हणाले.

“अवो, यंदा नाई म्हटलं ना फेरी!”

“तू म्हटलं. देवानं कुठी म्हटलं?”

दरवर्षी काल्याला दिंडी तलावाला वळसा घालते. पाणी भर पावसात जिथवर चढतं, त्या खुणेवरून ही वाट जाते. तिचं नावच पाळफेरी. सप्ताहाच्या गडबडीत, पुऱ्यांच्या नादात, ती यंदा गळाली हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

टाळकरी थबकले. डाव्या हाताला पाकळ्या, ड्रोन, आणि रस्त्याच्या टोकाला मांडलेली पंगत. उजव्या हाताला वीणा, एकटीच, दहा पावलं पुढं गेलेली. गुणवंतरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पण वीणेला एकटं सोडायचं नाही, हे आमच्याकडं पोराला चालायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. कुणाचा तरी टाळ किणकिणला. मग दुसरा. धर्म, भीती, लाज, कशानं म्हणू? सवयीनं म्हणा. सवयीनं का होईना, पाय उजवीकडं वळले.

“हे सगळे कुठं निघाले?” मॅडमनी मला विचारलं.

“फेरीला. चला ना तुम्ही बी.”

“मॅडम, ऊन हाय, तुमी इथंच बसा,” अक्षय म्हणाला. “अडाणी लोकं हायत, कुठी बी फिरतात.”

“मग मीही फिरते,” मॅडम म्हणाल्या, आणि टेपवाल्याला खूण केली.

वाटेत कधी कोरडी माती, कधी टिप्परमधून सांडलेलं काहीबाही. अनवाणी पायांखाली मऊ लागलं की मी खाली पाहत नव्हते. गाणं मात्र चढत गेलं. त्या वाटेवर आमच्या बापजाद्यांचे पाय पडलेले, तिथं आवाज आपोआप लागतो. गुणवंतराव तर डोळे मिटून, मान हलवत, टाळ कानाशी नेत चाललेले. गाताना हा माणूस खरंच देवाचा होतो, हेच तर दुःख आहे. मॅडम त्यांच्या बाजूला आल्या आणि दोन चरणांच्या मध्ये त्यांनी विचारलं,

“काका, ही वाट कुठली हो?”

“हे?” गुणवंतरावांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. “हे पाळ ना मॅडम! लहानपनापासून पाळीवरूनच फिरतो आमी!”

टाळ हवेतच राहिले. डोळे उघडले. जीभ दातांखाली गेली.

“मग सकाळची ती?”

“थे... थे बी एक... म्हंजे थे मोठी अन् हे...”

“अन् हे खरी!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि रांगा फुटून हसू उसळलं. गुणवंतरावांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला.

फेरी आक्काच्या दारापाशी थांबली. विणेकऱ्याच्या पायावर पाणी घालून ती त्यांना ओवाळते, दरवर्षीचं. तिनं पाणी घातलं. सख्खा धाकटा भाऊ, पण वीणा हातात असली की तिच्यासाठी तो देवच. मॅडम तिच्या भिंतीवरचा, कमरेपर्यंत चढलेला काळपट डाग पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी टेपवाल्याला सांगितलं, “इथून धर.”

तो टेप धरून लेआउटकडं चालत गेला. पहिली टेप पुरी उलगडली नाही तोच त्याला पहिल्या प्लॉटची खुंटी लागली. पुन्हा टेप, पुन्हा टेप. शेवटच्या खुंटीपर्यंत गेला, तरी पाचशे फूट भरले नाहीत.

“ज्या काठावरून गाव फेरी काढतं, तो काठ म्हणजे ठरावातली पाळ,” मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “मी असंच कळवणार. लेआउटही देऊ नये, भिंतही देऊ नये, असं.”

आक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

यावर गोष्ट संपवली असती तर किती बरं झालं असतं. पण मांडवात परतल्यावर जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला पाणी गिळवत नाही.

अक्षय शरमला असेल, असं मला वाटलं होतं. तो दही ओतत होता हंडीत. “वरती जाऊ मॅडम,” म्हणाला, “वरती बी मानसंच बसतात.” सरपंच मॅडमच्या पुढं पुढं करत सांगत होता, की गावाला तलावाचा किती कळवळा आहे. गुणवंतराव पंगतीत पहिल्या रांगेत. तोंडात जिलबी, आणि शेजाऱ्याला सांगतायत, “म्या तं सकाळीच म्हनत होतो, पाळ म्हंजे सारीच पाळ. पन आयकते कोन?” आणि शेजारी मान डोलावतोय! बांधावर डोलावली होती तीच मान, तशीच.

आणि हंडी फोडायच्या आधी वामनमहाराजांनी माइक घेतला. कुणीतरी त्यांच्या कानात सगळं सांगितलेलं दिसत होतं. उजवा हात वर गेला.

“काठ आहे म्हणून तलाव आहे, माउली! मर्यादा म्हणजेच भक्ती! जो मर्यादा ओलांडतो, त्याच्या हंडीला देव हात लावत नाही!”

तोच सूर, तोच कंप, शेवटच्या अक्षरावर तीच हलकी हरकत, जिच्यासाठी मी वर्षभर कान लावून बसते. आणि टाळकऱ्यांनी तितक्याच जोरानं झेललं. सकाळी काठ नव्हता, आता काठच देव. अक्षयसुद्धा टाळ्या वाजवत होता. मी मांडवामागं गेले आणि ओकले.

तोंड धुऊन येते तर महाराज गाडीकडं निघालेले. मला पाहून थांबले. “माई, यंदा तुमच्या हातची भाकर राहिली बघा.”

“भाकर आहे घरी,” मी म्हटलं. “पण सकाळचं बोलणं खरं का आत्ताचं, तेवढं सांगा आणि मग चला जेवायला.”

ते हसले. मनापासून हसले, तोंडाला बुक्क्याचा वास. “माई, गादीवरचं असतं ते. प्रसंग पाहून बोलावं लागतं.”

“प्रसंग पाहून बोलायला आमच्या गावात गुणवंतराव आहेत, महाराज. तुम्हाला त्यासाठी बोलावत नव्हतो.”

त्यांचं हसू थोडं कमी झालं, पण गेलं नाही. गाडीत बसले. मी पाया पडले नाही. गाडी निघाली तेव्हा आतून गुणगुणणं ऐकू आलं, आणि ते इतकं गोड होतं की मला रडू आलं. देवा, हा गळा तू कुणाला दिलास? आणि दिलास, तर मला हा कान कशाला दिलास?

अक्षयनं काल्याचा प्रसाद पुढं केला. “घे मोठाई. देवाचा हाय.”

देवाचाच होता, म्हणून घेतला. पण घेताना त्याच्या बोटांना माझा हात लागू नये, इतकं मी जपलं. उभ्या जन्मात मी कुणाचा विटाळ मानला नाही, कीर्तनांनी मला तेच शिकवलं. त्या दिवशी मानला. त्याचं पाप लागत असेल तर लागो.

संध्याकाळी आम्ही दोघं आक्काकडं गेलो. भगवानरावांच्या पायांना काळा चिखल वाळून बसलेला, बोटांच्या बेचक्यांत पिसं. मी साबण लावला, पुन्हा लावला. रंग गेला, वास गेला नाही. मॅडम जाताना आक्काला सांगून गेल्या होत्या, की घातलेली भर काढायला वेगळा आदेश लागतो, त्याची वेगळी सुनावणी. पाऊस त्याच्या आधी येणार, हे त्यांनाही कळत होतं.

“लेआउट तं थांबला ना आक्का,” भगवानराव म्हणाले.

“लेआउट थांबला. उकिरडा कुठी जाते?” आक्का म्हणाली. तिनं कोपऱ्यात विटांचा ढीग करून ठेवला होता. एकेक वीट ती तुरीच्या कोठीखाली सरकवू पाहत होती. “घर मात्र आता माहंच राह्यलं. भिजलं तरी माहं. भगवान, तू तिकडून उचल. अन् तू वं, पाहत काय राह्यली? धर.”

मी धरलं. कोठी विटांवर चढवताना आक्कानं सवयीनं एक ओळ गुणगुणायला घेतली, सकाळच्या कीर्तनातलीच, महाराजांनी टाकलेली. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं. ती थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि दुसरी वीट मागितली.